शंभरात एखाद्याला

२७ ऑगस्ट १९९४, शनिवार

आज बोकडाचा डोळा हातात घेतला. आपल्याला जमणार नाही असं वाटत होतं. जमलं, पण संध्याकाळी जेवण गेलं नाही.

आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात शनिवारी ओपीडी संपली की डॉक्टरसाहेब आम्हा मदतनीस मुलींना शिकवतात. खाटकाकडून डोळे मागवतात. साहेब गुजरातीत सांगतात, मी घरी येऊन मराठीत लिहून ठेवते, नाहीतर विसरेन.

डोळा वाटतो तितका मऊ नसतो. पिकायला आलेल्या टोमॅटोसारखा लागतो. साहेबांनी समोरची काच कापली तेव्हा आधी पाणी आलं, मग भिंग बाहेर आलं, शिजलेल्या साबुदाण्याच्या मोठ्या दाण्यासारखं. त्यामागे अंड्याच्या पांढऱ्यासारखं घट्ट काहीतरी. आणि आत सगळीकडून जांभळाच्या सालीसारखा काळा थर. तो बोटांना लागला. नखांतून निघेना. मी पुन्हा पुन्हा हात धुतले, तेव्हा प्रमिलाबाई सिस्टर म्हणाल्या, "अगं, कातडी ठेव थोडी. उद्या लागेल."

मला इथे एकच काम स्वतंत्रपणे करायला दिलं आहे. ज्या डोळ्याचं ऑपरेशन असेल, त्याच्या भुवईवर सकाळीच चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, म्हणजे आत गेल्यावर डाव्या-उजव्याचा घोळ होत नाही. मी पेशंटला विचारते, त्याच्या माणसाला विचारते, कागद बघते, आणि तरी घरी आल्यावर वाटतं की कोणाच्या तरी चुकीच्या भुवईवर लावली.

वाल्मिकभाऊला बोकडाच्या डोळ्याचं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे आमच्या घरात आता डॉक्टरीणबाई. माझ्या लग्नात वऱ्हाडाचे डोळे तपास. त्यांना नवरदेव देखणा दिसतोय का बघ."

त्याचं लग्न ठरलं आहे. मुलगी अमळनेरकडची, वर्षा नावाची. दिवाळीनंतर तारीख काढायची आहे.

मी लिहिते आहे ते भाऊमुळे. बाबा गेले तेव्हा आई साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम घरी आणायची आणि मी तिच्या हाताखाली. शाळा नव्हतीच. भाऊ शाळेतून येऊन पुठ्ठ्यावर अक्षरं काढायचा. कतारगामच्या दुकानांच्या पाट्या वाचायला लावायचा आणि मी गुजराती-मराठी एकत्र करायचे. तो म्हणायचा, "डोक्यावर रेघ असली तर आपली, नसली तर त्यांची. एवढं लक्षात ठेव." नऊ वर्षांची झाल्यावर मला एकदम चौथीत बसवलं, इतकं त्यानं शिकवलं होतं. स्वतः मात्र दहावीनंतर सांच्यांवर गेला. सुरतेत मागाला सांचा म्हणतात आणि कारखान्याला खातं. आता आम्हीही तेच म्हणतो.

८ सप्टेंबर, गुरुवार

तापीला पूर. खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं आहे. आमच्या गल्लीत नाही, पण वास येतो. दवाखान्यात डोळे आलेल्यांची रांग. बाकी काही नाही.

१२ सप्टेंबर, सोमवार

धोटा उडाला. भाऊच्या डाव्या डोळ्यात गेला.

धोटा म्हणजे सांच्यात इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा. त्याची टोकं लोखंडी असतात. तो उडू नये म्हणून जाळी असते. पण तुटलेला तार, म्हणजे धागा, जोडताना जाळीत हात अडतो, म्हणून खात्यात सगळ्यांनीच जाळ्या काढून ठेवलेल्या. शेजारच्या सांच्यांवरचा गोपाल त्याला रिक्षातून घेऊन आला. भाऊनं डोळ्यावर रुमाल धरला होता. मी ओपीडीत थेंब घालत होते. रुमालाच्या कडेनं पाणी आणि रक्त येत होतं. त्या पाण्यात काळं काहीतरी होतं. ते काय आहे हे मला कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं.

सिस्टर म्हणाल्या, भुवईवर पट्टी लाव. मी सवयीनं विचारलं, "कुठला डोळा?"

भाऊ म्हणाला, "हर्षे, बघून लाव गं."

१३ सप्टेंबर, मंगळवार

टाके घातले आहेत. साहेबांनी टॉर्च मारून विचारलं, उजेड कळतो का? भाऊ म्हणाला, नाही. पुन्हा विचारलं. नाही.

साहेब मला म्हणाले, डोळ्याभोवती हाडांची खोबण आहे, आत चरबीची गादी आहे. मूठ आली तर भुवई आणि गाल अडवतात. पण धोट्याचं टोक सुपारीएवढं. ते कुठेच अडत नाही.

१५ सप्टेंबर, गुरुवार

आजचं नीट लिहायचं आहे. मी काय बोलले ते शब्दाला शब्द लिहायचं आहे.

साहेबांनी आई, सुपडूकाका आणि भाऊ तिघांना बसवलं. मला म्हणाले, "बेन, बराबर समजाव." ते सांगत होते, मी मराठीत सांगत होते.

डाव्या डोळ्याला आता कधीच दिसणार नाही. तो काढून टाकायला हवा. कारण डोळ्याच्या आतला तो काळा थर शरीरानं कधी पाहिलेला नसतो, तो जन्मभर आत बंद असतो. डोळा फुटला की तो बाहेर येतो आणि शरीराला तो शत्रू वाटतो. मग शरीर त्याच्याशी लढायला निघतं. लढता लढता दुसऱ्या, चांगल्या डोळ्यातला तसाच थर दिसला की त्यालाही मारतं. असं झालं तर दोन्ही डोळे जातात. फुटलेला डोळा दोन आठवड्यांच्या आत काढला तर ही भीती राहत नाही.

काकानं विचारलं, "असं किती जणांना होतं?"

साहेब म्हणाले, शंभरात एखाद्याला. त्याहूनही कमी असेल.

मी तसंच सांगितलं. "शंभरात एखाद्याला. त्याहूनही कमी असेल."

काका मांडीवर थाप मारून म्हणाला, "मग! नव्व्याण्णव तर ठीकच राहतात ना? अरे, सुरतेत रिक्षात बसलं तरी यापेक्षा जास्त माणसं मरतात."

आई अहिराणीतच बोलते, साहेबांसमोरही. म्हणाली, "मना पोऱ्याना डोळा काढू नका. दिसो ना दिसो, जागावर शे ना? लगीन व्हई जाऊ दे. मंग काय करनं ते करा." खोबण घेऊन नवरदेव उभा केला तर वर्षाचे लोक लग्न मोडतील, हे तिला म्हणायचं होतं. साहेबांनी विचारलं, काय म्हणतात? मी सांगितलं. साहेब म्हणाले, नकली डोळा बसवतो, कोणाला कळणार नाही. आई म्हणाली, "त्याले कळी."

मी 'त्याहूनही कमी' हे शब्द गाळले असते तर? पण साहेबांनी बराबर समजाव म्हटलं होतं. पेशंटपासून खरं लपवायचं नाही, हे मी पहिल्या दिवशी शिकले. मग खरं बोलल्याचं समाधान का वाटत नाही?

१९ सप्टेंबर, सोमवार

आज विसर्जन. ढोल ऐकू येत होते. भाऊ पट्टी बांधून दारात बसला होता. मी भाजी निवडत त्याच्याजवळ बसले आणि सगळं पुन्हा सांगितलं, फक्त यावेळी आकडा सांगितला नाही.

भाऊ म्हणाला, "बंद पडलेला सांचा खात्यात ठेवून काय उपयोग? जागा अडते. काढून टाका म्हणावं."

"आई?"

"आईचं मी बघतो. तू रडू नको, भाजीत मीठ जास्त होईल."

साहेबांनी शुक्रवार दिला आहे. भुवईवर पट्टी मीच लावणार.

२२ सप्टेंबर, गुरुवार

प्लेग आहे म्हणतात. खरं की खोटं कळत नाही. सकाळी दवाखान्यात आले तेव्हा रस्त्यावर सगळ्यांनी तोंडाला रुमाल बांधले होते. सगळ्या शहराचे नुसते डोळे दिसत होते. मी इतके डोळे रोज बघते, पण एवढे घाबरलेले एकदम कधी पाहिले नव्हते.

औषधाच्या दुकानांत कॅप्सूल संपल्या. खाती बंद. आमच्या गल्लीतल्या निम्म्या खोल्यांना दुपारी कुलपं लागली.

२३ सप्टेंबर, शुक्रवार

भाऊला उपाशीपोटी घेऊन गेले. पट्टी लावली. थिएटर बंद. भूल देणारे डॉक्टर आले नाहीत, कर्मचारीही अर्धे. साहेब स्वतः दारात उभे होते, तोंडाला हिरवं फडकं. म्हणाले, "सोमवारपर्यंत थांबता आलं तर थांबा. गावी जाणार असाल तर तिकडे जिल्ह्याच्या ठिकाणी करून घ्या. पण बेन, वेळ जाऊ देऊ नको."

घरी आलो तर काकानं बोचकी बांधून ठेवली होती. शेजारचं आठजणांचं कुटुंब सकाळीच स्टेशनावर गेलं होतं. मी म्हटलं, भाऊ आणि मी सोमवारपर्यंत राहतो. काका ओरडला, "तू शहाणी आहेस का? सगळं गाव पळतंय आणि हिला डोळ्याची पडलीय! शंभरात एक, तूच सांगितलंस ना?"

प्लेगानं शंभरात किती मरतात, हे मात्र कोणी विचारलं नाही. मीही नाही.

भाऊनं भुवईवरची पट्टी काढली. काढताना केस निघाले. म्हणाला, "चल, तिकडे करू."

२६ सप्टेंबर, सोमवार

आमच्या गावाबाहेरच्या शाळेत आहोत. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, ते लिहीत नाही. गावात शिरायच्या वाटेवर पोरांनी बाभळीच्या फांद्या टाकून ठेवल्या आहेत. सुरतेहून आलेल्यांनी इथेच राहायचं. आमची सख्खी आत्या भाकरी आणते, फांदीपलीकडे ठेवते, आम्ही घेईपर्यंत लांब उभी राहून पदरानं डोळे पुसते.

आरोग्यखात्याचा माणूस आला. सगळ्यांच्या काखा आणि घसे बघितले. मी म्हटलं, माझ्या भावाचा डोळा आहे, जिल्ह्याला जायचं आहे. तो म्हणाला, "ताई, सुरतवाल्यांना एसटीत कोण घेणार? कंडक्टर नाव ऐकून उतरवतोय. गाठ आहे का, ते सांग. डोळ्याचं मग बघू."

पाणी उकळून रोज डावा डोळा पुसते. कापूस एकदा वापरला की जाळते.

४ ऑक्टोबर, मंगळवार

फांद्या काढल्या. आम्ही आत्याकडे आलो. दोन आठवडे उलटून गेले.

मी जिल्ह्याला जायचा विषय काढला. आई म्हणाली, "आते कसाले? देख ना, लाली कमी व्हई गयी." आता कशाला काढायचा, असं तिचं म्हणणं. आणि लाली कमी झाली हे खरं आहे. सूज उतरली आहे. डाव्या बुबुळावर दुधी थर आला आहे, पण पापणी नीट मिटते.

भाऊनं मला विचारलं, "आता काढून उपयोग आहे का? खरं सांग."

मी म्हटलं, "साहेब म्हणाले होते, दोन आठवड्यांत. त्यानंतर फायदा किती, ते मला माहीत नाही."

"म्हणजे नक्की नाही."

"नक्की नाही."

"मग राहू दे."

मी हट्ट धरला नाही. जे मला माहीत नाही त्याचा हट्ट कसा धरायचा?

२० ऑक्टोबर, गुरुवार

सुरतेत परतलो. रस्ते कधी नव्हते इतके स्वच्छ आहेत, चुन्याच्या पांढऱ्या रेषा सगळीकडे. आज भाऊला साहेबांना दाखवलं. "केलंत?" एवढंच त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी उजवा डोळा यंत्रावर बराच वेळ तपासला. ठीक आहे म्हणाले. महिन्यानं आणा, आणि त्याआधी उजवा लाल झाला, दुखला, काहीही वेगळं वाटलं, तर त्याच दिवशी या.

मी बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले. ठीक आहे. ठीक आहे म्हणाले.

३० ऑक्टोबर, रविवार

डावा डोळा फारच शांत झाला आहे. रोज सकाळी दारात उजेडाला बसवून पुसते. लाल शिरा जवळजवळ नाहीत. माझ्या हाताखाली एखादी गोष्ट बरी होते आहे, हे पहिल्यांदाच होतं आहे.

उजवा दुखतो का, हेही रोज विचारते. भाऊ म्हणतो, "नाही गं बाई, दुखत नाही. तू विचारून विचारून दुखवशील."

तो परत खात्यात जाऊ लागला आहे, सध्या धोट्यात बसवायच्या धाग्याच्या कांड्या भरायला. तार जोडायला गेला तर गाठ बसत नाही म्हणतो. मी समजावलं की एका डोळ्यानं खोली कळत नाही, हे शनिवारच्या वर्गात शिकले आहे, हळूहळू सवय होते. त्यानं मान हलवली.

पेपर आता मी वाचून दाखवते. आधी त्यानं हात लांब करून धरला, मग घडी करून माझ्याकडे टाकला. "तुला शिकवलं कशासाठी? वाच." रोज रात्री पेपर मोठ्यानं वाचायचा त्याचा मान होता. तो त्यानं मला दिला. मी इतकी खूश झाले की दोन शब्द चुकीचे वाचले.

३ नोव्हेंबर, गुरुवार

लक्ष्मीपूजन. भाऊनं काळा गॉगल घेतला आहे, वर्षाचे लोक येतील तेव्हा डावा डोळा दिसू नये म्हणून. सवय व्हावी म्हणून तो घरातही घालतो. पणत्या लावल्या तेव्हा तो पाठ करून बसला. त्याला सणाचं वाईट वाटत असेल. गेल्या वर्षी गल्लीत सगळ्यांत जास्त फटाके त्यानं वाजवले होते.

आईनं त्याला लहान मुलासारखं करून टाकलं आहे. ताट ठेवताना सांगते, भाजी इकडे, भाकर तिकडे. मी म्हटलं, अगं, त्याला एक डोळा आहे अजून. आईनं माझ्याकडे नुसतं बघितलं.

१३ नोव्हेंबर, रविवार

वर्षाचे वडील सुकदेवमामा आणि त्यांचे भाऊ आले होते. आईनं घर सारवल्यासारखं पुसून काढलं. चहा देताना कप भाऊच्या उजव्या हाताशी ठेवून म्हणाली, "चहा तुना उजवा हातजोडे शे."

सुकदेवमामांनी सरळच विचारलं, "जावईबापू, चष्मा काढा बरं. आमच्या पोरीला जे बघायचंय ते आम्ही आधी बघू."

भाऊनं काढला. मामांनी डावा डोळा वाकून बघितला आणि एकदम मोकळे हसले. "अहो, डोळा आहे की! आम्हाला कुणी सांगितलं, खोबणच आहे म्हणून. थोडा पांढरा आहे, त्याचं काय? आमच्या बैलाचाही होता, चांगला चालायचा."

सगळे हसले. भाऊही हसला. तो लाजला होता फार. मामांशी बोलत होता, पण बघत होता त्यांच्या भावाकडे. डोळे मिचकावून पाणी आलं त्याला. आईनं लगेच चष्मा हातात दिला.

११ डिसेंबर, रविवार, तारीख ठरली. ते गेल्यावर आई देवापुढे बसली. डोळा काढला असता तर आज काय झालं असतं, असं मला वाटून गेलं. मी चूक होते, आई बरोबर होती. हे लिहिताना हलकं वाटतं आहे.

१९ नोव्हेंबर, शनिवार

प्लेगानंतरचा पहिला वर्ग. भिंग जवळचं बघताना फुगतं, ते फुगवणारा बारीकसा स्नायू त्या काळ्या थरातच असतो. साहेबांनी बोकडाचा डोळा उघडून काडीनं दाखवला, माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाले, "म्हणून या थराला आतून सूज येते तेव्हा पुष्कळदा डोळा लाल व्हायच्या आधीच जवळचं दिसणं जातं. माणूस पेपर लांब धरतो. मग उजेड सोसत नाही."

पुढचं मी ऐकलं नाही. तळहातावर तो डोळा तसाच होता. सिस्टर म्हणाल्या, हर्षदा, खाली ठेव. मला ठेवता येईना.

घरी पळत आले. भाऊ गॉगल लावून बसला होता, खिडकी बंद. मी गॉगल काढला आणि टॉर्च लावला. त्यानं तोंड फिरवलं आणि माझा हात झटकला. उजव्या बुबुळाच्या कडेनं लाल वर्तुळ होतं, जांभळट.

"कधीपासून?"

तो गॉगल चाचपडू लागला.

"भाऊ, कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून. दुखत नव्हतं. तू दुखतं का विचारायचीस."

"सांगितलं का नाहीस?"

"तुझे हात बघ," तो म्हणाला. "आधीच सालटं निघालीत धुऊन धुऊन. आणि तूच म्हणालीस ना, शंभरात एक. मला वाटलं, मी कशाला असेन?"

आई कोपऱ्यात टिकल्या लावत होती. ती उठली नाही. तिनं काय झालं म्हणूनही विचारलं नाही.

२१ नोव्हेंबर, सोमवार

साहेबांनी इंजेक्शनं सुरू केली. मी विचारलं, आता डावा काढला तर? ते म्हणाले, आता त्याचा उपयोग नाही. किती वाचेल? सांगता येत नाही. आकडा त्यांनी सांगितला नाही आणि मी विचारला नाही.

काकानं वर्षाच्या घरी कळवलं.

११ डिसेंबर, रविवार

आज भाऊच्या लग्नाची तारीख होती. आईनं दिवसभर साड्यांवर टिकल्या लावल्या.

२८ जानेवारी १९९५, शनिवार

उजव्या डोळ्यासमोर हात हलवला तर हलल्याचं कळतं. बोटं मोजता येत नाहीत. औषधांनी त्याचा चेहरा गोल झाला आहे. गोपाल भेटायला येतो तेव्हा हसवतो. "नवरदेव आता शेठ दिसतोय." भाऊही हसतो. गोपाल सांगत होता, खात्यात कोणी जाळी परत लावलेली नाही.

वर्षाचं लग्न नंदुरबारकडे ठरलं, असं ऐकलं.

मी रोज त्याला दवाखान्यात आणते, थेंब घालते, बाहेरच्या बाकावर बसवते आणि सुटल्यावर घेऊन जाते. शनिवारच्या वर्गाला मी आता जात नाही. साहेबांनी कारण विचारलं नाही.

१८ फेब्रुवारी, शनिवार

आज मारुती नावाचा कारीगर आला. मराठवाड्याकडचा. तसाच धोटा. त्याच्या रुमालावरही काळं होतं. साहेबांनी मला बोलावलं, म्हणाले, "एमनी बायकोला तू समजाव." दारातून वळून म्हणाले, "तुला जमेल तसं."

तिचं नाव वत्सला. माझ्याच वयाची असेल. पोटुशी होती. मी सगळं सांगितलं, काळा थर, शत्रू, दोन आठवडे. तिनं ऐकलं आणि जे विचारायचं तेच विचारलं.

"असं समद्यांनाच होतं का? कितीजणांना होतं?"

आकडा माझ्या जिभेवर होता. तो खरा आहे. तो आजही खराच आहे, भाऊला झालं म्हणून बदललेला नाही. मी म्हटलं, "बाहेर बाकावर निळ्या शर्टातला बसलाय, तो माझा भाऊ."

ती उठून बाहेर गेली. दाराच्या फटीतून मला दिसत होतं. ती त्याच्यापुढे उभी राहिली. भाऊनं चेहरा वर केला, तिच्या खांद्यापलीकडे बघत म्हणाला, "झालं का हर्षे? आज लवकर?"

ती परत आली, म्हणाली, "सही कुठं करू?"

नव्व्याण्णवांबद्दल मी तिला काही सांगितलं नाही. मी तिला खरं सांगितलं की भीती घातली, हे ठरवता येत नाही. मारुतीच्या भुवईवर पट्टी लावताना त्याला विचारलं, तिला विचारलं, कागद बघितला.

घरी जाताना भाऊचा हात माझ्या खांद्यावर होता. चौकात आल्यावर म्हणाला, "मगाशी कोण होती ती? बांगड्या वाजल्या. समोर उभी राहिली आणि गेली."

"पेशंटची बायको."

"काय बघत होती?"

रस्त्यात खड्डा होता, त्याला बाजूला घेतलं.

"तुला," मी म्हटलं.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्यानं विचारलं,

"केली का सही तिनं?"

"केली."

"मग ठीक आहे," भाऊ म्हणाला.